रेषेचे उपासक नंदलाल बसू

आमच्या शहरात विश्वामित्रीच्या पुलाजवळ कीर्तिमंदिर नावाची भव्य वास्तू उभी आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ ती बांधविली व १९३६ साली ती पुरी झाली, ही माहिती बडोद्यात शिकणाऱ्या बहुतेक मुलांस असते. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत, हेही जाता-येता पुष्कळांनी पाहिलेले असते. परंतु आतल्या मधल्या दालनाच्या भिंतींवर काय आहे, असे विचारले म्हणजे सारा वर्ग एकदम गप्प होतो. मुलांस तरी दोष कशाला द्यावा? गोव्याहून आम्ही या शहरी शिक्षक म्हणून आलो, त्यानंतर कितीतरी वर्षे आम्हीही त्या वास्तूवरून नुसते जात-येत होतो.

गेल्या हिवाळ्यात इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे गेलो. भिंतींवरील चित्रे पाहता पाहता एका मुलीने आम्हांस विचारले की, या चित्रांतील माणसांच्या सावल्या जमिनीवर का पडलेल्या नाहीत? प्रश्न साधा होता, पण आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही शिकवितो इतिहास आणि मराठी. चित्रकलेशी आमचा संबंध एवढाच की, अभ्यासक्रम मागे पडला म्हणजे चित्रकलेचा तास आम्ही मागून घेतो. त्या दिवशी घरी परतल्यावर ही गोष्ट मनाला लागून राहिली. मग ज्या पुरुषाने त्या भिंती रंगविल्या त्याचे चरित्र आम्ही मिळवून वाचले, आणि ते पुढे देत आहोत. त्या मुलीच्या प्रश्नाला दिलेले हे उशिराचे उत्तर आहे, असे समजावे.

नंदलाल बसू यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारातील मुंगेर जिल्ह्यात खडगपूर या गावी झाला. घराणे बंगाली. वडील पूर्णचंद्र हे दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणीदेवी यांच्या हातात कला होती. त्या मुलांसाठी बाहुल्या व खेळणी घडवीत आणि सुंदर भरतकाम करीत. नंदलाल लहान असतानाच त्या निवर्तल्या. गावातले कुंभार आणि मूर्तिकार हीच मग त्या मुलाची पाठशाळा झाली. ओल्या मातीच्या गोळ्यातून देवीचा चेहरा कसा उमलत जातो, हे पाहत तो तासन् तास तेथे बसून राही आणि घरी येऊन तसेच काही करू पाही. पूजेच्या दिवसांत मंडप सजविण्याच्या कामीही तो पुढे असे.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांस शिक्षणासाठी कलकत्त्यास पाठविण्यात आले. प्रवेश परीक्षा त्यांनी १९०२ साली दिली व ते उत्तीर्ण झाले. पुढचा मार्ग मात्र काही केल्या सुधरेना. महाविद्यालयाच्या परीक्षेत ते नापास झाले. महाविद्यालय बदलले, तरीही यश येईना. १९०३ साली सुधीरादेवींशी त्यांचा विवाह झाला होता, तेव्हा संसाराची जबाबदारीही होती. अखेर १९०५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात वाणिज्य शाखेत त्यांनी नाव घातले, आणि जमाखर्चाच्या त्या विद्येतही त्यांचे मन रमले नाही. आजच्या पालकांस या प्रसंगाची कल्पना चांगली करता येईल. मुलगा चांगल्या घरचा, लग्न झालेला, तेवीस वर्षांचा, आणि आता म्हणतो की मला चित्रे काढावयाची आहेत! दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांची समजूत घालणे हीच नंदलालांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड परीक्षा असावी, असे आम्हांस वाटते. ही एक मात्र ते उत्तीर्ण झाले.

त्या वेळी कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत ई. बी. हॅवेल हे प्राचार्य होते आणि अवनींद्रनाथ ठाकूर तेथे शिकवीत असत. परकीय चित्रांच्या नकला करण्यापेक्षा हिंदी कारागिरांची परंपरा अभ्यासावी, असे या दोघांचे मत होते. नंदलाल आपली चित्रे काखेस मारून अवनींद्रनाथांकडे गेले. तेथे त्यांस मनाने एक चित्र काढून दाखविण्यास सांगण्यात आले व त्यांनी गणपती काढला, असे सांगतात. त्यांस प्रवेश मिळाला आणि गुरूही मिळाला.

अवनींद्रनाथांची पद्धत जलरंगात धुण्याची होती. चित्र रंगवावयाचे, ते कागदासकट पाण्यात भिजवावयाचे, वाळवावयाचे, पुन्हा रंगवावयाचे; असे अनेकदा केले म्हणजे रंग कागदात मुरून एक धूसर, स्वप्नासारखी छटा तयार होते. नंदलालांची पहिली गाजलेली चित्रे याच पद्धतीची आहेत. शिव व सती यांच्या विषयावरील चित्राबद्दल त्यांस इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट या संस्थेचे ५०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. त्या पैशांतून त्यांनी काय केले असेल? हिंदुस्थानची यात्रा! जुनी देवळे, मूर्ती, घाट आणि बाजार पाहत ते हिंडले. आमचे मत विचाराल तर धुण्याच्या पद्धतीची ती चित्रे आम्हांस जरा धुकट वाटतात. सर्व काही जणू पावसाळी संध्याकाळी घडत आहे, असा भास होतो. नंदलालांस स्वतःलाही पुढे हे धुके पुरेसे वाटले नसावे, कारण ते हळूहळू त्यातून बाहेर पडले. त्यांस बाहेर काढणारी जागा होती अजिंठा.

अजिंठ्याची लेणी तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या मुलखात होती. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्रीने तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले होते. भगिनी निवेदितांचे नंदलालांवर लक्ष होते. त्यांच्या आग्रहाने १९०९-१० च्या हिवाळ्यात नंदलाल व त्यांचे काही सहाध्यायी त्या कामावर गेले. अंधाऱ्या लेण्यांत, अपुऱ्या उजेडात, झिजलेल्या भिंतीसमोर उभे राहून एकेक रेषा कागदावर उतरवावयाची, असे ते काम. नक्कल करणे म्हणजे कमी प्रतीचे काम, अशी आपली समजूत असते. परंतु एखाद्या श्रेष्ठ कवितेची सुवाच्य नक्कल करताना तिचे छंद जसे आपोआप हातात येतात, तसे नंदलालांचे झाले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनाम चित्रकारांनी त्यांस रेषा शिकविली.

येथे थोडे थांबून रेषा म्हणजे काय ते पाहू. विद्यार्थी मित्रहो, पट्टीने ओढलेली रेघ आणि चित्रकाराची रेषा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कुंचल्यावर दाब वाढला की रेषा जाड होते, दाब उतरला की बारीक होते. वेग वाढला की ती धावते, हात अडखळला की तीही अडखळते. अजिंठ्यात एकाच रेषेने खांद्याची गोलाई दाखविली आहे, दंडाचा मऊपणा दाखविला आहे, आणि मनगटाशी येताच तीच रेषा कठीण होते. त्यामुळे शरीराला उठाव देण्यासाठी फार छायाप्रकाशाची गरज तेथे पडत नाही. रंगाच्या थोड्या गडद-फिकट छटा चित्रकार घालतो, पण अमुक दिशेने सूर्य आला आणि तमुक बाजूस सावली पडली, असा हिशेब तो मांडत नाही.

आता आमच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील राजा रविवर्म्यांची चित्रे आठवावी. तेथे उजेड एका बाजूने येतो. रेशमी वस्त्राच्या चुण्या चमकतात. खांबामागे अंधार साचतो. आपण जणू खिडकीतून प्रत्यक्ष प्रसंगच पाहत आहोत, असे वाटते. ती विद्या युरोपातील तैलचित्रांची आहे आणि रविवर्म्यांनी ती मोठ्या कौशल्याने आपलीशी केली. नंदलालांच्या पिढीतील काही मंडळींनी त्यांची जी हेटाळणी केली ती आम्हांस मान्य नाही. आमच्या आजोळच्या देवघरातली लक्ष्मी त्यांच्याच छापखान्यातली होती आणि तिच्यापुढे आम्ही मनोभावे हात जोडलेले आहेत. तथापि दोन मार्गांतील भेद समजून घ्यावा. चित्रात सावली पडली की त्याबरोबर घड्याळही आले. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी उभे राहून पाहिलेला तो देखावा होतो. अजिंठ्याच्या चित्रकारास मात्र सकाळ की दुपार हे सांगावयाचे नव्हते. त्याची माणसे कोणत्याही एका घटकेत अडकलेली नाहीत. कीर्तिमंदिरातील माणसांस सावल्या नाहीत त्या यामुळे.

नंदलालांनी नुसती जुनी वाटच धरली असती तर ते उत्तम नकलाकार झाले असते, एवढेच. १९१२ साली ओकाकुरा हे जपानी कलापंडित दुसऱ्यांदा हिंदुस्थानात आले होते. त्यांनी कलेचे तत्त्व काड्या मांडून समजावल्याचे नंदलाल पुढे आपल्या शिष्यांस सांगत. तीन काड्यांचा त्रिकोण करावयाचा: एक काडी निसर्ग, दुसरी परंपरा, तिसरी कलावंताची स्वतःची प्रज्ञा. एक काढून घेतली की उरलेल्या दोहोंनी त्रिकोण होत नाही. एवढा मोठा सिद्धान्त इतक्या क्षुद्र वस्तूंनी शिकविता येतो, हे आम्हां शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आमच्याकडील शास्त्रकारांनीही चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. अवनींद्रनाथांनी या षडंगांवर विवेचन लिहिले होते. आकार, माप, रंगयोजना अशा शीर्षकांखाली चित्रकलेच्या तासाला मुलांस जे सांगितले जाते, त्यातील बरेचसे या सहा शब्दांत आधीच आलेले आहे.

१९१९ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केले. नंदलाल तेथे यावेत अशी त्यांची इच्छा, आणि ते कलकत्त्यास आपल्याजवळ राहावेत अशी अवनींद्रनाथांची. काका-पुतण्यांच्या या ओढाताणीत नंदलाल काही काळ इकडून तिकडे होत राहिले व अखेर शांतिनिकेतनात स्थिरावले. मध्यंतरी १९२१ साली ग्वाल्हेर संस्थानातील बाघ येथील लेण्यांच्या प्रतिकृती करण्यासही ते जाऊन आले. १९२२ पासून १९५१ पर्यंत कलाभवनाची धुरा त्यांच्याकडे होती. तेथे सारे त्यांस मास्टरमोशाय म्हणत. आपल्याकडे गुरुजी म्हणावे तसे.

गुरुजींचा वर्ग पुष्कळदा झाडाखाली नाही तर संथाळांच्या वाडीत भरे. मुलांनी म्हैस काढावयाची तर आधी म्हैस पाहावयाची. ती बसते कशी, उठताना कोणता पाय आधी टेकते, चिखलातून वर येताना तिचे वजन कोठे असते. सत्यजित राय १९४० ते १९४२ या काळात तेथे विद्यार्थी होते. झाड काढताना शेंड्यापासून खाली येऊ नये, बुंध्यापासून वर जावे, कारण झाड तसेच वाढते, हा गुरुजींनी दिलेला धडा त्यांस जन्मभर आठवत होता. मुलांनी हा प्रयोग करून पाहावा. दोन्ही रीतींनी एकच झाड काढले तर पहिले टांगल्यासारखे दिसते आणि दुसरे उगवल्यासारखे.

त्यांच्या शिष्यांतील दोघांची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. विनोदबिहारी मुखर्जी यांस एका डोळ्याने दिसत नसे व दुसऱ्याची दृष्टी फारच अधू होती. अशा मुलाने चित्रकला शिकून काय करावयाचे, अशी शंका नंदलालांस आली व त्यांनी ती रवींद्रनाथांपुढे मांडली. मुलाला गोडी असेल व तो नियमाने येत असेल तर त्यास येऊ द्यावे, असे उत्तर मिळाले. नंदलालांनी ते मानले, ही त्यांची थोरवी. विनोदबिहारींनी पुढे शांतिनिकेतनाच्या भिंतींवर अशी चित्रे रंगविली की गुरूलाही अभिमान वाटावा. आणि १९५७ साली दृष्टी पूर्ण गेल्यावरही त्यांनी काम सोडले नाही. दुसरे रामकिंकर बैज, बाँकुड्याच्या गरीब घरातले. त्यांचा हात पाहताच या मुलास शिकविण्यासारखे फारसे उरलेले नाही, हे नंदलालांनी ओळखले. तरी त्यांनी त्यास ठेवून घेतले. रामकिंकरांनी तैलरंग आणि सिमेंट-काँक्रीटची शिल्पे असे प्रकार आरंभिले तेव्हा ते गुरूंच्या रुचीला धरून नव्हते. नंदलालांस तैलरंग विशेष आवडत नसत. मात्र नापसंती आणि मनाई यांतील अंतर त्यांस कळत होते.

कलाभवनात सुकुमारीदेवी नावाच्या एक बाई होत्या. त्यांनी कोणत्याही कलाशाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. पण अल्पना, म्हणजे तांदळाच्या पिठाने भुईवर काढावयाची रांगोळी, त्यांच्या बोटांत होती. नंदलालांनी त्यांस मानाने शिक्षिकेच्या जागी बसविले. घरातल्या बायका सणावारी जे करतात ते कला नव्हे, ही समजूत त्यांनी मोडून काढली. अल्पनेत एकच वेल पुनःपुन्हा येते आणि त्या पुनरुक्तीतून लय निर्माण होते. मध्यबिंदूच्या सभोवती आकार वाढत जातात आणि तोल साधतो. हे आम्ही वाचले तेव्हा आम्हांस आमच्या गोव्याची चतुर्थी आठवली. गणपतीच्या डोक्यावर आम्ही माटोळी बांधतो. लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, तोरिंजन आणि रानातली नाना फळे-फुले टांगावयाची. आमचे आजोबा एका बाजूस जड घोस बांधला की लांब उभे राहून डोळे बारीक करीत, आणि मग दुसऱ्या बाजूस काय हवे ते सांगत. तेथे तसाच घोस हवा असे नाही. कधी दोन लहान फळे आणि एक लाल फूल पुरे होई. दोन्ही बाजू सारख्या नसूनही तोल कसा सांभाळला जातो, याचा तो पाठ होता. आजोबांना तो सिद्धान्त म्हणून कोणी सांगितलेला नव्हता.

१९३० साली रवींद्रनाथांचे सहज पाठ हे मुलांचे वाचनपुस्तक निघाले. त्यातील चित्रे नंदलालांची आहेत, आणि ती लिनोकट पद्धतीने केलेली आहेत. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटे काढून जेथे पांढरे हवे तेथे कोरून टाकावयाचे. उरलेल्या भागाला शाई लावून कागदावर छाप घ्यावयाचा. यात मधली छटा नाही, खोडरबर नाही. एकदा कोरले ते गेले. त्याच वर्षी गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीला चालत गेले आणि नंदलालांनी याच साधनाने त्यांचे चित्र केले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर काठी टेकीत निघालेली एक पांढरी आकृती. चेहऱ्याचे बारकावे जवळजवळ नाहीतच. रस्ता नाही, समुद्र नाही, मागून येणारे सत्याग्रही नाहीत. तिरपी काठी, वाकलेली मान, धोतराच्या मोजक्या चुण्या आणि पुढे पडणारे पाऊल, एवढ्यातच गती येते. काळ्या-पांढऱ्याचा विरोध इतका तीव्र आहे की पाहणाऱ्याची नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही. लिनोकट असल्यामुळे त्याच्या अनेक प्रती काढता आल्या. गांधीजींची छायाचित्रे असंख्य आहेत. तरी दांडीयात्रा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हे काळे-पांढरे चित्रच उभे राहते.

गांधीजींनी नंदलालांकडून आणखीही कामे करून घेतली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन खानदेशातील फैजपूर या खेडेगावी भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. तेथील टिळकनगर सजविण्यास नंदलालांस बोलाविण्यात आले तेव्हा आपण चित्रकार आहोत, वास्तुकार नव्हे, असे म्हणून ते प्रथम कचरले. पण गेले, आणि म्हात्रे नावाच्या वास्तुतज्ज्ञांबरोबर त्यांनी बांबू, चटया, गवत अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून सारे नगर उभे केले. विनायक मासोजी हे त्यांचे महाराष्ट्रीय शिष्यही या कामात होते. गांधीजींनी आपल्या भाषणात त्याची मनापासून वाखाणणी केली.

फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यात तापीकाठी हरिपुऱ्यास अधिवेशन भरले. तेथील विठ्ठलनगरासाठी नंदलाल व त्यांच्या शिष्यांनी सुमारे ४०० चित्रफलक केले. त्यांपैकी ८० हून अधिक नंदलालांच्या हातचे होते. ते कोण्या पुढाऱ्याचे वा देवदेवतेचे नव्हते. ढोल वाजविणारा, सुतार, पिंजारी, पहिलवान, चांभार, दळणारी बाई, मुलाला घेतलेली आई. जे लोक त्या मंडपाखालून चालत जाणार होते तेच वर रंगविलेले होते. मातीचे साधे रंग, जाड व वेगवान रेषा, आणि प्रत्येक आकृती कमानीसारख्या चौकटीत बेतलेली. आकृती चौकटीत बसविणे हे दिसते तितके सोपे नाही. आकृतीच्या सभोवती जी मोकळी जागा राहते तिलाही आकार असतो, आणि तो बिघडला की चित्र बिघडते. ढोलक्याचा कोपर कमानीला कोठवर नेऊन थांबवावा, हे त्या घाईतही नंदलालांनी अचूक जाणले आहे. ही चित्रे खेड्यातील माणसाने चालता चालता पाहावयाची होती, जवळ जाऊन भिंग लावून नव्हे. कामाचा हेतू काय, ते कोण पाहणार आणि किती अंतरावरून पाहणार, यावरून रेषेची जाडी ठरते. पुढे यांतील काही मूळ फलक राष्ट्रीय संग्रहात जपून ठेवण्यात आले.

आता आमच्या कीर्तिमंदिराकडे वळू. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव महाराज निवर्तले, आणि त्याच वर्षी नंदलालांनी येथील पहिली भिंत रंगविली. विषय गंगावतरण. दुसरी भिंत १९४० ची. तीत संत मीराबाईच्या आयुष्यातील निरनिराळे प्रसंग एकाच पटावर आले आहेत. तिसरी १९४३ ची, नटीर पूजा. बुद्धाच्या स्तूपापुढे पूजा करण्यास राजाज्ञेने बंदी असताना श्रीमती नावाची नर्तकी नृत्यालाच पूजा करते व प्राण देते, अशी ती कथा. रवींद्रनाथांचे याच नावाचे नाटक आहे आणि शांतिनिकेतनात त्याचा प्रयोग झाला तेव्हा नंदलालांची कन्या गौरी हिने श्रीमतीची भूमिका केली होती. तेव्हा ही भिंत रंगविताना बापाच्या डोळ्यांपुढे कोण उभे असेल, हे निराळे सांगावयास नको. चौथी भिंत अभिमन्यूची, १९४५-४६ मधली. पहिल्या भिंतीपासून चौथीपर्यंत सहा-सात वर्षे गेली. तेवढ्या काळात रवींद्रनाथ गेले, महायुद्ध झाले, बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली. चौथ्या भिंतीवर एक कोवळा मुलगा शस्त्रांच्या गर्दीत एकटा सापडलेला आहे.

आम्हांस चारही भिंतींत हीच अधिक आवडते. येथे मोकळी जागा जवळजवळ ठेवलेलीच नाही. नजर कोठून तरी आत शिरते आणि मग तिला बाहेर पडण्यास वाट सापडत नाही. चक्रव्यूह म्हणजे काय हे कथा ठाऊक नसलेल्यासही समजावे. उलट नटीच्या भिंतीवर नृत्याची लय आहे. एकाच चित्रकाराने एकाच दालनात एकीकडे लयीने बोलावे आणि दुसरीकडे कोंडीने, हे पाहण्यासारखे आहे. मुलांनी दोन्ही भिंतींमध्ये उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे वळून पाहावे. या भिंतींशेजारीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा निघाली. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तेथे १९५० पासून शिकवीत होते, आणि नंदलालांचे शिष्य के. जी. सुब्रह्मण्यन् हेही लौकरच तेथे अध्यापक झाले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेची मूळ प्रत हाताने लिहून सजवावी असे ठरले. अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे, आणि सजावट नंदलाल व त्यांच्या शिष्यांची. घटनेच्या २२ भागांसाठी तितकीच चित्रे आहेत: मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील वृषभापासून आरंभ, मग वैदिक आश्रम, बुद्ध, महावीर, अशोक, नालंदा, नटराज, अकबर, एका पानावर शिवछत्रपती आणि गुरु गोविंदसिंह, पुढे टिपू आणि झाशीची राणी, गांधीजींची दांडीयात्रा, नेताजी, आणि शेवटी हिमालय, वाळवंट व समुद्र. अशोकस्तंभाचे सिंह काढण्याचे काम दीनानाथ भार्गव या तरुण शिष्याकडे होते. हे पुढे इंदूरला स्थायिक झाले व २०१६ साली वारले. खऱ्या सिंहांचे निरीक्षण करण्यासाठी ते कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जात असत, असे ते सांगत. आधी म्हैस पाहा आणि मग काढा, हाच तो जुना धडा! उद्देशिकेच्या पानाची वेलबुट्टी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिंह यांची आहे. नंदलालांनी ते पान स्वतः करावयाचे ठरविले असते तर त्यांस कोण अडविणार होते?

१९५१ साली ते निवृत्त झाले आणि १९५४ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. आता मोठ्या भिंती झेपत नव्हत्या. खिशात कोरी कार्डे ठेवण्याची त्यांस जुनी सवय होती. बसल्या जागी जे दिसेल ते त्यांवर चार रेषांत टिपावयाचे, आणि पत्राऐवजी ते कोणा शिष्याला, स्नेह्याला किंवा त्याच्या लहान मुलाला टपालाने धाडावयाचे. अशी हजारो कार्डे त्यांनी केली. कोठे खेकडा, कोठे ताडाचे झाड, कोठे पावसात छत्री सावरीत चाललेला माणूस. उतारवयात ते कागदाचे कपटे हाताने फाडून त्यांचीही चित्रे जुळवीत. पुष्कळशी नुसत्या काळ्या शाईत आहेत. रंग त्यांनी जवळजवळ बाजूस ठेवले. रेषा शेवटपर्यंत ठेवली. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले. दहा वर्षांनी, १९७६ साली, सरकारने त्यांची चित्रे राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली. तेव्हापासून ती देशाबाहेर विकता येत नाहीत. टपालाने गेलेली ती कार्डे मात्र अनेक घरांच्या पेट्यांतून, जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यांत, अजून निघत असतात.